मॉरिस बांधला

मिलथॉर्प क्रॉसिंग, डर्बीशर
२३ एप्रिल

प्रिय टॅमसिन,

पोचलो घरी. डावा हात गळ्यात अडकवलाय, गळ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. उजवा शाबूत आहे म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं मी सिग्नलच्या केबिनमध्ये बसून शेजारच्या केबिनशी घंटेच्या ठोक्यांनी बोललो, त्यामुळे फोन कानाला लावला की पुढे काय बोलायचं तेच सुचत नाही. पत्रात निदान माणूस मधेच 'हॅलो, हॅलो' करत नाही.

अँब्युलन्समध्ये तू माझा हात धरून बसली होतीस आणि माझ्यापेक्षा जास्त थरथरत होतीस, एवढं आठवतंय. पाण्यात मी अकरा मिनिटं होतो म्हणे. कप्तान ड्युगलने ते सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या लाइनवर अकरा मिनिटं उशीर झाला तर लेखी खुलासा द्यावा लागतो. तो हसला नाही. पोरगा घाबरला होता बिचारा.

निकाल तुला कळलाच असेल. सरावाची तिसरी पातळी नापास, शिडाच्या बोटींच्या जगफेरीच्या शर्यतीतून नाव कमी. कारण: छातीचा पट्टा बोटीला न अडकवता पुढच्या टोकाला, नाळेवर, काम. माझी तक्रार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. न बांधलेला माणूस एकटा बुडत नाही, त्याला शोधायला अठरा जण जीव धोक्यात घालतात.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझी सवय तुला माहीत आहे. हुक अडकवला की मी मोठ्याने म्हणतो, "मॉरिस बांधला." तुम्ही सगळ्यांनी त्यावरून माझी किती टर उडवलीत. तो उंच वेल्श पोरगा तर मी संडासात गेलो तरी बाहेरून विचारायचा, "मॉरिस बांधला का?" तुम्ही हसायचात, पण ती सवय कामातून आलेली आहे. रुळावर गाडी उभी असली की आम्ही त्या रुळाच्या सिग्नलच्या खटक्यावर लोखंडी कडं चढवायचो. मग माणूस विसरला तरी खटका ओढला जात नाही. डोक्यावर विसंबायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. समुद्रावर कडं नाही, म्हणून मी तोंडाने बोलायला लागलो.

त्या सकाळी मी बोललो असं मला आठवतंय. तुझी पिवळी टोपी आठवते, हातातली शिडाची ओली कड आठवते, हुक खटकन बसल्याचं आठवतं. पण चौकशीत हुक धडधाकट निघाला. कुठे वाकलेला नाही, ओरखडा नाही. म्हणजे तो अडकवलेलाच नव्हता. मग मला आठवतंय ते काय आहे?

तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस. मी म्हणालो का गं? ड्युगलसाठी विचारत नाही, त्याचं त्याने लिहून टाकलंय. माझ्यासाठी विचारतोय. खरं ते सांग.

तुझा,
मॉरिस हॅडलो


रेडरुथ, कॉर्नवॉल
३० एप्रिल
(पाकिटात घातलं, तिकीट लावलं, टाकलं नाही.)

मॉरिस,

तुम्ही म्हणालात. मी ऐकलं.

पुढचं शीड उतरवून आपण दोघं त्याच्यावर आडवे पडलो होतो. शिडाच्या घड्यांखाली, डेकवर ताणलेल्या दोरीवर, दोन हुक शेजारी शेजारी होते, एक तुमचा, एक माझा. मला मागे जायचं होतं. नियम आपल्याकडून पहिल्या दिवसापासून घोकून घेतलाय: हुक सोडण्याआधी पट्ट्यावरून हात फिरवत स्वतःच्या छातीपर्यंत यायचं, पट्टा आपलाच आहे हे बघायचं, मगच सोडायचं. मी हात फिरवला नाही. बोटं गारठली होती, हातमोजे जाड होते, ड्युगल मागून ओरडत होता, आणि मला त्याला दाखवायचं होतं की मी भराभर काम करते. हाताला लागला तो हुक दाबला आणि सोडला.

तेवढ्यात लाट आली. हुक हातातून निसटला. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, संपलं, मी बांधलेली नाही. पण छातीशी पट्टा ताणला गेला आणि त्याने मला धरून ठेवलं. मॉरिस, मी हुक सोडला होता, तरी मी बांधलेलीच होते. तेव्हाच मला कळलं. डोळे उघडले तर तुम्ही नव्हतात.

दुपारी ड्युगलने सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, मॉरिसला 'बांधला' म्हणताना कोणी ऐकलं का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मीच जवळ होते. मी म्हणाले, "वाऱ्यात काही ऐकू आलं नाही." विचार करून म्हणाले नाही. पण म्हटल्यावर ते परत घ्यायला माझ्याकडे अख्खी दुपार होती, अख्खी संध्याकाळ होती, आणि बंदरात येईपर्यंतचे दोन दिवस होते.

मी भित्री आहे. नर्सिंग अर्धवट सोडलं, लग्न अर्धवट सोडलं, गाडीची परीक्षासुद्धा दोनदा नापास होऊन सोडली. ही एक गोष्ट पुरी करायची होती


रेडरुथ
३० एप्रिल

प्रिय मॉरिस,

तुमचं पत्र वाचून जिवात जीव आला. हाताची काळजी घ्या. केशराचे बन पाठवतेय, आमच्या बेकरीतले, मी स्वतः मळलेले. बोटीवर मी ज्या दिवशी 'आई' होते त्या दिवशी केले होते तेच. (हे तुमच्या लेकीला, ज्युडिथला, समजावून सांगा, नाहीतर ती घाबरेल. बोटीवर ज्याच्याकडे त्या दिवसाचा स्वयंपाक, तो 'आई'. आणि मॉरिस, तुमच्याइतकी वाईट आई मी आयुष्यात पाहिली नाही. अठरा माणसांच्या लापशीत मिठाऐवजी भांडी घासायची पावडर घालायला निघाला होतात.)

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. वारा इतका होता की मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. म्हणाला असाल किंवा नसाल, मी काही सांगू शकत नाही. त्याचा फार विचार करू नका. थंडीत, तीन दिवसांच्या जागरणानंतर, कोणाच्याही हातून होऊ शकतं.

एक बातमी आहे, सांगू की नको असं झालंय. ड्युगलने मला आमच्या पाळीची प्रमुख केलं. तुम्ही असतात तर तुम्हालाच केलं असतं.

तुमची,
टॅमसिन


मिलथॉर्प क्रॉसिंग
१४ मे

प्रिय टॅमसिन,

आधी अभिनंदन. पाळीची प्रमुख. वेल्श पोराला सांग, आता नीट वागायचं, नाहीतर त्याला सलग तीन दिवस 'आई' कर. बन संपले. ज्युडिथने दोन खाल्ले, बाकीचे मी, आणि मोजायला कोणी नव्हतं.

तुझं उत्तर वाचलं. ऐकू आलं नाही म्हणतेस. तुझे कान तीक्ष्ण आहेत, सुकाणूपाशी कोणी पुटपुटलं तरी नाळेवरून उत्तर द्यायचीस. तुला ऐकू आलं नाही म्हणजे मी म्हणालोच नाही. हे मी आता धरून चालतो.

म्हणालो नाही याचं मला एवढं वाटत नाही. माणूस विसरतो. पण मला आठवतंय, टॅमसिन. तेच मला खातंय.

माझ्या आईचं सांगतो, तुला कधी सांगितलं नव्हतं. माझ्याच वयाची होती तेव्हा. गॅस बंद केलाय म्हणून शपथेवर सांगायची, आणि अख्ख्या घरात वास सुटलेला असायचा. आम्हाला वाटायचं, ओरडा खायला नको म्हणून खोटं बोलते. नंतर डॉक्टरने समजावलं, ती खोटं बोलत नव्हती. गॅस बंद केल्याचं तिला खरोखर आठवत होतं. बटण फिरवल्याचं, बोटांना तेलकट लागल्याचं, सगळं. ती गेली तेव्हा आम्हाला कोणालाच ओळखत नव्हती.

म्हणून मी आता घरातही केबिनमधल्यासारखी कडी चढवायला लागलोय. किटलीला चिठ्ठी, मागच्या दाराला चिठ्ठी. गाडीच्या किल्ल्या ज्युडिथला देऊन टाकल्या. समुद्रात मी न बांधता गेलो आणि बांधलाय असं समजलो, तर उद्या शाळेपाशी लाल दिवा हिरवा आहे असंही समजेन. तिने किल्ल्या घेताना हसायचा प्रयत्न केला. मी तिची माफी मागितली, आता तुला माझं ओझं होणार म्हणून. ती रडली. आमच्या घरात पूर्वी असं काही होत नसे.

पुढच्या महिन्यात स्मृतीची तपासणी आहे.

तू आपलं काम कर. माझ्यासाठी सुद्धा कर.

मॉरिस


गॉस्पोर्ट
२२ मे

प्रिय मॉरिस,

तपासणीला जाऊ नका. म्हणजे, जायचं तर जा, पण कशाला? मला तुमच्यात तसं काही कधीच दिसलं नाही. एकवीस दोऱ्यांची नावं तुम्हाला एका दिवसात पाठ झाली होती, मला आठवडा लागला. सतराव्या दोरीला मी अजूनही 'ती हिरवी' म्हणते.

आणि हुकाचं म्हणाल, तर हुक आपोआपही सुटू शकतो. शिडाची कड अडकून, किंवा कोणाचा पाय लागून. मी इथे जुन्या लोकांना विचारलं, असं होतं म्हणतात. एवढं धरून बसू नका.

इथे शेवटच्या पातळीचा सराव चालू आहे. पाच दिवस समुद्रावर, दोन दिवस किनाऱ्यावर. काल ड्युगलने मला बजावलं की मी हुक सोडायला फार वेळ लावते. प्रत्येक वेळी छातीपर्यंत हात नेते, मग परत हुकापर्यंत, मग परत छातीपर्यंत. मागची माणसं खोळंबतात. मला लवकर सोडताच येत नाही आता.

तुमच्या बर्थवर न्यूकॅसलचा एक दंतवैद्य आलाय. चांगला आहे. घोरतो.

तुम्ही खरंच ठीक आहात, मॉरिस. माझ्यावर विश्वास ठेवा.

टॅमसिन


मिलथॉर्प क्रॉसिंग
९ जून

प्रिय टॅमसिन,

तू मनाने चांगली आहेस, पण माझ्यासारख्या माणसाला अशी गोष्ट पटवायला जाऊ नकोस. मी तो हुक घेऊन स्वयंपाकघरात दोन दिवस बसलो. तो सुटायला आधी पाठीमागची पट्टी दाबावी लागते आणि ती दाबून धरूनच तोंड उघडावं लागतं. पायाने होत नाही, शिडाने होत नाही. हाताच्या पंज्याशिवाय तो सुटत नाही. आणि माझा पंजा तेव्हा शिडावर होता. म्हणजे लावलाच नव्हता. याला तिसरा रस्ता नाही.

तपासणी झाली. एका बाईंनी पाच शब्द सांगितले आणि घड्याळ काढायला लावलं. मग विचारलं, शब्द सांगा. चमचा आठवला, पूल आठवला, घोडा आठवला. पुढे कोरं. खाली उतरताना जिन्यात उरलेले दोन आठवले, लिंबू आणि खिडकी, पण परत वर जाऊन सांगायची लाज वाटली. बाई म्हणाल्या, सुरुवात असू शकते, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आईलाही असंच सांगितलं होतं.

ज्युडिथने नॉटिंगहॅममध्ये, तिच्या घराजवळ, एक जागा बघितलीय. एकट्या म्हाताऱ्यांसाठीची. खोलीत दोरी असते, ओढली की कोणीतरी येतं. हे फाटकाजवळचं घर सोडायचं. एकतीस वर्षं झाली इथे. माझी बायको आयलीन याच घरात गेली. सकाळची सहा दहाची गाडी गेली की मी उठतो, त्याला कधी घड्याळ लागलं नाही. १८ जुलैला सही करायची आहे. इथे राहायला येणारं कुटुंब बघून गेलं, चांगली माणसं आहेत, त्यांना भाजीच्या वाफ्यांवर बारबेक्यू करायचा आहे.

मी हो म्हटलंय. माझ्या हातात राहू नये असं घर मी धरून ठेवणार नाही.

पार्सलात माझा पट्टा आहे. आपण आपापले पट्टे आणले होते, आठवतंय? तो वेगळा ओळखू यावा म्हणून आता हुकापाशी लाल लोकर गुंडाळलीय, आयलीनच्या टोपलीतली. तो घालून तू जगाला फेरी मार. मी नाही तर निदान माझा पट्टा जाऊन येईल. वादळात तो तुला धरून ठेवेल. मला धरलं नाही, पण तो दोष पट्ट्याचा नव्हता.

मॉरिस


मिलथॉर्प क्रॉसिंग
४ जुलै

प्रिय टॅमसिन,

एक विचारायचं होतं. मी तुला जूनमध्ये पार्सल पाठवलं का? पट्टा, लाल लोकरवाला. आणि सोबत पत्र. मला पाठवल्याचं आठवतंय, पोस्टातल्या मुलीने वजन केल्याचं आठवतंय, पण तुझं काहीच उत्तर नाही, आणि तू अशी उत्तर न देणारी नाहीस. ज्युडिथला विचारलं तर म्हणते, "बाबा, मला माहीत नाही, मी तेव्हा नव्हते." कपाटं पाहिली, कोठी पाहिली. पट्टा घरात नाही. म्हणजे पाठवला असेल, किंवा कुठेतरी ठेवून विसरलो असेन.

तू कामात असशील. फक्त 'मिळालं' किंवा 'नाही मिळालं' एवढं एका ओळीत लिही. बाकी काही नको. मला रोज सकाळी शोधाशोध करायची सवय लागलीय, ती बंद होईल.

मॉरिस


गॉस्पोर्ट
८ जुलै

मॉरिस,

मिळालं. १२ जूनलाच मिळालं. पत्रही मिळालं. तुम्ही पाठवलंत, तुम्हाला बरोबर आठवतंय. तुम्हाला सगळंच बरोबर आठवतंय.

तुमचा हुक मी सोडला.

सोबत ३० एप्रिलचं पत्र जोडलंय. तेव्हा लिहिलं होतं, तिकीट लावून ठेवलं होतं. ते आधी वाचा. त्यात सगळं आहे, फक्त शेवट नाही, कारण शेवट लिहिण्याआधीच मी दुसरा कागद घेतला आणि तुम्हाला खोटं लिहिलं. त्यानंतर आणखी खोटं लिहिलं. हुक आपोआप सुटतो असं कोणत्याही जुन्या माणसाने मला सांगितलेलं नाही, मी कोणाला विचारलंच नव्हतं. पार्सल आलं तेव्हा मी ते उघडलं, लाल लोकर बघितली आणि परत बंद करून बर्थखाली ढकललं. उत्तर लिहायला हात होईना. मला वाटलं, गप्प बसले तर निदान नवीन खोटं तरी लिहावं लागणार नाही. माझ्या गप्प बसण्याने तुम्ही कपाटं शोधत बसाल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुमचं चार तारखेचं पत्र काल मिळालं. ते वाचून मी धक्क्यावर गेले आणि ड्युगलला सांगितलं. त्याने मला दोनदा सांगायला लावलं. मग त्याने सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाला, आता यांना सांग. मी सांगितलं. वेल्श पोरगा उठून निघून गेला. तो तुमच्यावर किती जीव टाकत होता ते मला तेव्हा कळलं.

पाळीची प्रमुख मी आता नाही. तिसरी पातळी मला पहिल्यापासून करावी लागेल, मग शर्यतीत घ्यायचं की नाही ते ठरवतील. ड्युगल तुमच्या नापासाचा शेरा लेखी मागे घेतोय. ज्युडिथला मी वेगळं पत्र आजच टाकलंय, अठरा तारखेच्या आत तिला मिळावं म्हणून. त्या तपासणीच्या बाईंनाही हे दाखवा. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, मॉरिस. ज्या आठवणीवरून तुम्ही स्वतःला वेडा ठरवलंत, ती अक्षरन् अक्षर खरी आहे.

मी माफी मागू शकत नाही. म्हणजे मागतेय, पण कशाची कशाची मागू? हुकाची एका वाक्यात मागता येते. तुम्ही ज्युडिथची माफी मागितलीत, ती ओळ मी मे महिन्यात वाचली होती, आणि वाचून कामाला गेले होते.

पट्टा परत पाठवतेय. तो घालायचा मला हक्क नाही. आणि शर्यतीचं तुम्ही ठरवा. तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही, त्यांनी घेतलं तरी.

टॅमसिन


मिलथॉर्प क्रॉसिंग
२ ऑगस्ट

टॅमसिन,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पुढच्या शुक्रवारी सही होती.

पहिली ओळ वाचली, 'तुम्ही म्हणालात, मी ऐकलं', आणि जिन्यात बसलो. मग ज्युडिथला फोन लावला. हो, फोन. म्हटलं, "मी म्हणालो होतो." ती म्हणाली, "काय म्हणाला होतात?" मी म्हटलं, "मॉरिस बांधला." तिला वाटलं, आता पुरतंच गेलं. अर्ध्या तासात गाडी घेऊन दारात हजर. तुझं दुसरं पत्र तिच्या हातातच होतं, पाकीट न फोडलेलं. दोघांनी स्वयंपाकघरात बसून दोन्ही पत्रं वाचली. ती तुला जे बोलली ते इथे लिहीत नाही, ती तुला स्वतः लिहील तर लिहील.

सही केली नाही. वाफे माझेच आहेत. त्या बाईंकडे परत गेलो, पाचही शब्द सांगितले, वर जूनमधले पाचही सांगितले आणि त्यांच्या भिंतीवरच्या नोटिशीचा फोन नंबर सांगितला. बाई म्हणाल्या, पुरे. किल्ल्या परत मिळाल्या. ड्युगलचा फोन आला, पुढच्या वेळी ये म्हणाला. खांदा वर जात नाही, शीड ओढणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही. समुद्र झाला माझा. तेवढं नुकसान राहिलं ते राहिलं.

आता तुझं. पहिल्या दिवशी मी इतका खूश होतो की तुला लगेच लिहिणार होतो, विसर म्हणून. बरं झालं लिहिलं नाही. संध्याकाळी मी त्या जुन्या पत्रावरची तारीख बघितली. नंतर चार दिवस मी वाफे खणले, जिथे काही लावायचं नव्हतं तिथेही.

हुकाचं मला काही वाटत नाही. खरंच सांगतो. सत्त्याऐंशी साली मी चुकीचा खटका ओढला होता. मालगाडी होती, सावकाश होती, डबा घसरला, कोणाला काही झालं नाही. तेव्हापासून मी कडं चढवायला कधी विसरलो नाही. हात चुकतात. म्हणूनच तर ते सगळे नियम आहेत. पण ३० एप्रिलला तुझ्याकडे ते लिहिलेलं होतं. तिकीट लावलेलं होतं. नंतर दहा आठवडे मी किटलीला चिठ्ठ्या बांधत होतो, आणि तू ते वाचत होतीस आणि मला बन पाठवत होतीस. बन चांगले होते. ते अजून आठवतात, याचाच मला राग येतो.

तू म्हणतेस, शर्यतीचं मी ठरवावं. ठरवणार नाही. तुझा खटका मला ओढायला लावू नकोस. मी नको म्हटलं तर तुला शिक्षा मिळाल्याचं समाधान होईल, जा म्हटलं तर माफीचं. दोन्ही तुला माझ्याकडून आयतं हवंय. एप्रिलमध्ये तू निर्णय घेतला नाहीस, आता घे.

माफीचं मला अजून माहीत नाही. खोटं लिहीत नाही, म्हणून माहीत नाही असंच लिहितो. आमच्या केबिनमध्ये एक नोंदवही असायची. चुकीची नोंद झाली तर खोडायची नाही, पान फाडायचं नाही. वाचता येईल अशी एक रेघ मारायची, खाली खरं काय ते लिहायचं. पुढच्या पाळीचा माणूस आला की तो ते वाचायचा आणि खाली सही करायचा. त्या सहीचा अर्थ 'चाललं' असा नसायचा. तिचा अर्थ एवढाच, की काय झालं ते मला माहीत आहे, आणि आता मी कामावर आहे.

तुझं ३० एप्रिलचं पत्र परत पाठवतोय. ते तू जवळ ठेव. पट्टाही परत पाठवतोय. हक्काबिक्काचं बोलू नकोस, तू जाणार असशील तर तो उपयोगी आहे, जाणार नसशील तर बेकरीत खुंटीला लाव. लाल लोकर तेवढी काढू नकोस. जाड हातमोज्यातही ती बोटाला लागते, ती नसलेला हुक तुझा नाही.

मॉरिस


(३० एप्रिलच्या पत्राच्या शेवटी, जिथे वाक्य अर्धवट तुटलंय, त्याच्या खाली, निळ्या शाईत:)

नोंद दुरुस्त. मॉरिस बांधला होता.
वाचलं. २ ऑगस्ट, सकाळी ६.१०.
मॉरिस हॅडलो, कामावर हजर.